बोटीचा दिवस

लातूरला समुद्र नाही. तरीही आमच्या गल्लीत दर पंधरवड्याला बोट लागायची.

बोट लागली की माझ्या घरमालकीणबाई दोन पिशव्या घेऊन गंजगोलाईच्या बाजारात जायच्या. कांदे, बटाटे, डाळ, तेल, साबण, काडेपेट्या, सगळं एकदम आणायच्या. मग पुढच्या बोटीपर्यंत बाजाराचं तोंड बघायच्या नाहीत. मध्येच मीठ संपलं तर घरात अळणी जेवण व्हायचं. शेजारचे वाटीभर मीठ द्यायला तयार असायचे, पण बाई घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "बेटावर शेजाऱ्याचंबी संपलेलं असतं."

बाई अंदमानातल्या एका सरकारी शाळेत दहा वर्षं शिक्षिका होत्या. त्या राहायच्या त्या बेटावर कांदा-बटाट्यापासून पाटी-पेन्सिलीपर्यंत सगळं मद्रास-कलकत्त्याच्या जहाजातून यायचं. जहाज आलं की बाजार भरायचा, लांबलं की दुकानात नुसते रिकामे डबे. तिथून परतताना बाईंनी फारसं सामान आणलं नाही. ही सवय मात्र आणली. मुखेडहून त्यांच्या भावाच्या गावावरून येणाऱ्या एसटीलाही त्या बोटच म्हणायच्या. कंडक्टरकडून हुरड्याची किंवा शेंगांची पिशवी यायची असली की गल्लीतल्या कुणालाही हटकून विचारायच्या, "मुखेडची बोट लागली का?" पुढे पुढे गल्लीही तसंच बोलायला लागली.

गल्लीत त्यांचं नाव अंदमानवाल्या बाई. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला खोड काढायची सवय होती. तो एकदा म्हणाला, "बाई, काळ्या पाण्यावर तुमाला धाडलं ते गुन्हा कोणता केला होता?"

"डी.एड. पास झाले होते," बाई म्हणाल्या. "मार्क जास्त पडले. तुमाला ती भीती न्हाई."

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्या आधी आल्या, माणसं नंतर आली, आणि त्यांना राहायला घरं सगळ्यांत शेवटी. पुण्याहून, कोकणातून, नागपुराकडून बदली होऊन आलेले कारकून आणि इंजिनिअर लॉजमध्ये ट्रंका ठेवून गल्लोगल्ली खोल्या शोधत फिरायचे. त्यात पावसाने ओढ दिलेली. नळाला पाणी येईल तो दिवस सणासारखा असायचा, आणि टँकरपुढच्या घागरींची रांग माणसांच्या रांगेपेक्षा लांब असायची. नव्या माणसाला या गावात भाड्यापेक्षा पाणीच महाग पडायचं.

मी एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून आलो होतो आणि मीही खोली शोधत होतो. बहुतेक घरमालक पहिला प्रश्न आडनावाचा विचारायचे. बाईंनी आडनाव विचारलं नाही.

"दिवसाला पाणी किती लागतं?"

"दोन बादल्या."

"खरं सांगून राहिलात?"

"तीन."

"मग तीनच सांगायचं. दोन म्हणणारा माणूस चार वापरतो."

खोली मिळाली.

बाईंचं गाव मुखेड तालुक्यात. घर बौद्ध. वडिलांनी छप्पन सालानंतर गावातल्या पहिल्या काही घरांबरोबर दीक्षा घेतली होती आणि मुलीला नांदेडला शिकायला ठेवलं होतं. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात बाईंच्या हातात शिक्षिकेचं प्रमाणपत्र होतं आणि डोक्यावर दुष्काळी कामाचं खडीचं टोपलं. एका ओळखीच्या गुरुजींनी अंदमानातल्या नोकरीची जाहिरात दाखवली. कुणीच जायला तयार नव्हतं, बाई गेल्या. "पाऊस न्हाई म्हणून गाव सोडलं," त्या सांगायच्या, "आन् जिथं गेले तिथं वर्षाचे सात-आठ महिने पाऊसच. म्हणलं, हे वाटणारा कोण हाय तो एकदा भेटला पाहिजे."

परत आल्यावर त्यांनाही लातुरात भाड्याने खोली बघावी लागली होती, आणि त्यांनाही आडनाव विचारलं गेलं होतं. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारल्यावर. म्हणून घर बांधलंत का, असं मी पुढे विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पैसे होते म्हणून बांधलं."

घर चार खोल्यांचं होतं. एकीत बाई, एकीत मी, उरलेल्या दोहोंत कोकणातून बदली होऊन आलेले जिल्हा कचेरीतले एक साहेब आणि त्यांची बायको. त्यांना आम्ही वहिनी म्हणत असू. वहिनी रत्नागिरीकडच्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रात्रीचं पिण्याचं पाणी शिळं झालं म्हणून अंगणात ओतलं. बाई दात घासत होत्या. त्या तशाच धावत आल्या.

"काय केलंत?"

"शिळं होतं हो बाई."

"दहा वर्षं बेटावर होते मी. पाणी शिळं होतं हे मला कुणी सांगितलं न्हाई."

त्या दिवशी वहिनींना वापराचं पाणी मिळालं ते भांडी विसळलेलं. बाई भांडल्या नाहीत. फक्त आपल्या हाताने ती बादली त्यांच्या दाराशी ठेवून आल्या.

नव्या गावात पगार कसा पुरवायचा, हा बाईंचा आवडता विषय होता. बदलून आलेले लोक ओट्यावर सल्ला घ्यायला येऊन बसायचे. बाई त्यांना बेटावरच्या गोष्टी सांगायच्या आणि त्यातून ज्याचं त्याने समजून घ्यायचं असायचं. "बेटावर कांद्याला दोनच भाव. बोट आल्यावरचा आन् बोट यायच्या आधीचा. शहाणा माणूस दुसरा भाव ऐकतच न्हाई." बाहेरून आलेल्या नोकरांना तिथे वेगळा भत्ता मिळतो, त्याबद्दल म्हणायच्या, "भत्ता म्हणजे पगार न्हाई. भत्ता म्हणजे सरकारनं कबूल केलेला त्रास." तिथे सर्वांत महाग काय, असं एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, "जे तुम्ही घरी फुकट खात होता ते."

याच काळात त्यांच्या भाचीला अंदमानातल्या शाळेचा नेमणुकीचा हुकूम आला.

भाची म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. आत्यासारखीच नांदेडला डी.एड. झालेली. तिला जायचं होतं, पण तिच्या वडिलांना पाठवायचं नव्हतं. गावाकडे त्यांची थोडी कोरडवाहू जमीन, विहीर आटलेली, धाकटा मुलगा नांदेडला शिकायला. ते मुखेडच्या गाडीने आले आणि पायरीवर बसले. आत आले नाहीत.

"जयभीम आक्का. पगार दिसाया लई हाय. पर तिथं समदंच महाग म्हणून राहिलेत लोक. पोरगी तिकडं एकली राबंल, आन् उरंल काय? त्यापरीस इथं नवा जिल्हा झालाय, जागा निघतील. थांबू दे तिला."

"कधी निघतील?"

"निघतील की."

"मला बी असंच सांगत होते. मी टोपलं डोक्यावर घेऊन वाट बघत होते," बाई म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं. हजर व्हायला अवकाश होता. तेवढ्यात मुलीने आत्याच्या घरी एक महिना बेटावरच्या खर्चाने राहून दाखवायचं. महिना संपताना घरी पाठवण्याजोगं काही तिच्या हातात उरलं तर ती जाईल, नाही उरलं तर मुखेडला परत. तिच्या बापाला वाटलं, हे सोपं आहे. लातुरात बेटावरचा खर्च कसा करणार?

बाईंनी रीत काढली. मुलीला तिथे मिळायचा तेवढा पगार त्यांनी आपल्या पदरचा काढून दिला. वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा कोनाड्यात ठेवला. बाजारातून काहीही आणायचं ते लातूरच्या भावाने. पण बेटावर तीच वस्तू जितकी महाग, तितके वरचे पैसे डब्यात टाकायचे. बेटावर स्वस्त असेल तर तेवढे पैसे डब्यातून परत घ्यायचे. पाण्याच्या दोन बादल्या फुकट, तिसरीला पैसे. ज्वारी वर्ज्य. "ज्वारीला तिथं भावच न्हाई," बाई म्हणाल्या, "कारण ज्वारीच न्हाई."

बाईंना तिथले भाव पाठ होते, पण ते जुने झाले होते. उदगीरचा एक जवान अंदमानातून सुटीवर आल्याचं कळलं तेव्हा बाई एसटीने उदगीरला त्याच्या घरी गेल्या. कुणीतरी प्रौढ बाई येते, मुलाच्या नोकरीचं ठिकाण विचारते, पगार विचारते, तिथे जेवणाखाण्याला काय पडतं ते खोदून खोदून विचारते, आणि शिवाय तिची भाची नोकरीला लागणारी आहे. जवानाच्या आईने पोहे केले, वर खोबरं पेरलं आणि मुलाला नवा शर्ट घालून बसवलं. बाईंनी पोहे खाल्ले, कांद्यापासून रॉकेलपर्यंतचे भाव विचारून घेतले आणि उठल्या. "मग कळवता का आमाला?" असं आईने दारात विचारलं. बाई म्हणाल्या, "हाव. बोटीचा भाव वाढला तर तुम्हीच कळवा."

मुलगी हुशार होती, पण पहिला पंधरवडा ती घरच्यासारखीच राहिली. वांगी आणली, शेपू आणला, शेंगदाणे आणले, दोन वेळचा दुधाचा चहा केला. आमच्याकडच्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट पाण्यासारखं पडतं. बेटावर शेंगदाणा बोटीने यायचा आणि दूध भुकटीचं. दर वस्तूमागे डब्यात नाण्यांचा आवाज व्हायचा. दुसरी बोट लागायच्या आतच अर्ध्याहून जास्त पगार डब्यात जाऊन पडला. मुलगी रोज रात्री उरलेले पैसे मोजायला लागली.

एका संध्याकाळी साहेब भाडं थोडं लांबवता येईल का, असं विचारायला आले. बाई हो म्हणाल्या. साहेब खाली मान घालून गेले. मुलगी तिथेच तांदूळ निवडत बसली होती.

"काही कळलं का गं?" बाईंनी विचारलं.

"काय आत्या?"

"साहेबाचा पगार तुला मिळंल त्याच्याहून मोठा हाय. घरात दोन माणसं, पोरबाळ न्हाई. मग भाड्याला का थांबला?"

मुलीने विचार केला. साहेबांच्या घरी सोलापूरहून कुणाच्या तरी जीपमधून बर्फातले मासे यायचे. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं, पैसे मात्र बर्फासकट द्यावे लागायचे. रोज नारळ फुटायचा. भात दोन्ही वेळा, तोही गावाकडच्या तांदळाचा. भाकरीचं नाव नाही. आणि पाण्याचा खासगी टँकर.

"मासे," मुलगी म्हणाली. "नारळ. तांदूळ."

"तो अजून रत्नागिरीतच राहून राहिलाय. लातुरात फक्त भाडं देतो. आन् तू?"

मुलीने डब्याकडे पाहिलं.

"तू मुखेडात," बाई म्हणाल्या. "उठ. जा वहिनींकडं."

त्या दिवसापासून दोन चुलींची अदलाबदल झाली. ठरवून, सरळ. सकाळी मुलगी वहिनींना भाकरी शिकवायची, संध्याकाळी वहिनी तिला खवणीवर बसवायच्या. माझी खोली मधली असल्यामुळे दोन्हीकडचं ऐकू यायचं.

"वहिनी, पाणी गरम घ्या की. गार पाण्यानं पीठ बसतंय व्हय?"

"अगं, हात भाजतो माझा."

"भाजू द्या. दुसऱ्या दिवशी भाजत न्हाई."

आणि संध्याकाळी, आठवडी बाजारातून सुके बोंबील आणल्यावर:

"वहिनी, याला लई वास येऊन राहिलाय."

"मग? तो वासच तर खायचा असतो."

मुलीने पहिल्या दिवशी बोंबील बाजूला काढून नुसता भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी एक खाल्ला. आठवड्याने ती आमटीत नारळ किती घालायचा यावरून वहिनींशी वाद घालत होती. आता बाजारातून आल्यावर ती डब्यातून पैसे बाहेर काढायला लागली. नारळ बेटावर इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त, केळी स्वस्त, मासळी तर जागेवरची. गल्लीतल्या बायका कोनाड्यापाशी येऊन बघायच्या. पैसे घालायचा डबा सगळ्यांनी पाहिला होता, काढायचा पहिल्यांदाच पाहत होत्या. पाण्याच्या बाबतीत तर तिसऱ्या बादलीचे पैसे तिने महिनाभरात एकदाही दिले नाहीत. तोंड धुतलेलं पाणी अंगणातल्या झाडाला, भाजी धुतलेलं भांड्यांना. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मुखेडात जन्मलेल्या पोरीला ते शिकवावं लागत नाही.

महिना संपला त्या दिवशी तिचे वडील आले. खांद्यावर ज्वारीचं पोतं. पोरीने महिनाभर भाकरी खाल्ली नाही हे त्यांच्या कानावर गेलं होतं. या वेळी ते आत आले, पण जेवायला बसले आणि ताट बघून थांबले. भात, नारळाची आमटी, बोंबील.

"आक्का, हे काय? माझ्या पोरीला भाकरी द्यायची बंद केलीस?"

"तिनंच रांधलंय, खा."

मुलगी उठली. उरलेले पैसे तिने आणून वडिलांच्या हातात ठेवले. थोडेथोडके नव्हते. त्यांनी मूठ मिटली, उघडून पाहिली नाही.

"भाव तूच सांगितलेस, आक्का. तुझ्या मनात तिला धाडायचंच हाय."

"उदगीरला जा. जवानाच्या आईला विचार. पोहे बी मिळतील."

भावाने पैसे ताटाशेजारी ठेवले. मग हळू आवाजात म्हणाले, "पैसे उरतील गं. मला पैशाचं भ्या नव्हतं. ज्या पोरीनं भाकरीबिगर घास घेतला न्हाई ती तिकडं परक्या मुलखात काय खाईल, हे भ्या होतं. ते बोलायला येईना म्हणून पैसे म्हणत होतो."

दारात वहिनी उभ्या होत्या. आत येऊन त्या म्हणाल्या, "दादा, मी इथे आले तेव्हा आठवडाभर रडत होते. भाकरी घशाखाली उतरायची नाही. मला वाटायचं, मी या गावात मरणार. तुमच्या मुलीने मला भाकरी शिकवली. आता आम्ही दोघं रोज खातो. ह्या महिन्याचं भाडंही वेळेवर दिलंय, बाईंना विचारा." मग म्हणाल्या, "मी माहेरी जाईन तेव्हा सांगणार आहे, की मी लातूरला राहिले. ही का नाही सांगणार?"

भावाने पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग मुलीला विचारलं, "तिथं कांदा काय भावानं हाय?"

मुलीने सांगितलं.

"आं? मग कसं परवडंल तुला?"

"बोट आली की घ्यायचा, आबा. मधी घ्यायचाच न्हाई."

भावाने बहिणीकडे पाहिलं. आपल्या मुलीच्या तोंडून बहीण बोलते आहे, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. "म्हणजे तू हितंच तिकडची झालीस की," ते मुलीला म्हणाले, आणि आमटी आणखी वाढायला सांगितली.

ज्वारीचं पोतं ट्रंकेबरोबर न्यायला बाईंनी साफ नकार दिला. एक बरणी कारळ्याच्या चटणीची तेवढी परवानगी मिळाली. पोतं परत नेणं भावाला जड वाटलं. ते वहिनींच्या दाराशी ठेवून म्हणाले, "ताई, हे तुमाला. आता तुमीच भाकरीवाल्या." मुलीला मद्रासच्या धक्क्यापर्यंत पोचवायला बाई स्वतः गेल्या. परत आल्यावर त्यांना विचारलं, मुलगी रडली का. "ती न्हाई," बाई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य बोलल्या नाहीत.

दुष्काळ आणखी एक वर्ष राहिला. पिण्याच्या पाण्याची बातमी करायला मी नांदेड जिल्ह्यात फिरत होतो. मुखेडला उतरलो तो आठवडी बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या ढिगापाशी घोळका जमला होता आणि मधोमध भाचीचे वडील उभे होते. त्यांनी मला पाहिलं नाही.

"लई सस्ता लावून राहिलास रे," ते कांदेवाल्याला सांगत होते. "आमची पोरगी ज्या बेटावर हाय ना, तिथं कांद्याचा भाव ऐकलास तर तू ढीग सोडून पळशील. बोट लांबली तर त्याच्या दुप्पट."

"मग काय करती ती? उपाशी राहती?"

"उपाशी? खाऊन-पिऊन ऱ्हाती. धाकट्याची फी तिथूनच येती. एवढ्या महाग गावात ऱ्हाऊन, वर्गात साठ पोरं सांभाळून. नारळ घालून आमटी करती. मासे खाती! तुझ्यात कुणी हाय का असं?"

"न्हाई बाबा."

"मग."

"मग तुमी बी तिकडल्या भावानं घ्या की."

घोळका हसला. भाऊही हसले, आणि इथल्याही भावातून चार आणे कमी करून घेऊनच त्यांनी कांदे पिशवीत टाकले.

लातूरला परतल्यावर मी हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या ओट्यावर बसून ऐकत होत्या.

"कांद्याचा भाव काय सांगितला त्यानं?"

मी सांगितला.

"वाढवून सांगितला," बाई म्हणाल्या. "बोट वेळेवर आली तर एवढा नसतो."

मग त्या उठल्या. खुंटीवरची पिशवी काढली, पायात चपला सरकवल्या. गिरणीवाल्याने समोरून हाक मारली, "बाई, बोट तर परवा लागून गेली. आज कुठं?"

"भजी करायची हाईत," बाई म्हणाल्या. "कांदे आणते."

आणि बोट नसताना त्या गंजगोलाईकडे चालू लागल्या.